हॅमॉक घेताय? आधी झाडं मोजा, पैसे नंतर

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधून झोपायची कापडी झोळी, घेतला, एकदा झोपून बघितलं, पाठ धरली आणि आता तो माळ्यावर पडलाय, असं सांगणारे आमच्याकडं साताऱ्यात प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोन तरी भेटतात. कसा बांधला होता विचारलं की उत्तर ठरलेलं, "चांगला कडक ताणून बांधलेला की." तिथंच सगळा घोळ आहे. आपल्याला बाजेची सवय, बाज सैल पडली की दावण आवळायची आणि ताठ करायची, तेच डोकं आपण हॅमॉकला लावतो. मग खांदे आवळले जातात, कापड दोन्ही बाजूंनी अंगावर मिटतं आणि कूस बदलायला गेलं की माणूस थेट खाली. हॅमॉक सैल बांधायचा आणि त्यात तिरकं झोपायचं. एवढं जमलं तर हजार-बाराशेचा हॅमॉकपण मस्त झोप लावतो, आणि नाही जमलं तर पाच हजारवालापण नाही लावत. लेख जरा लांबलाय, पण पहिल्यांदाच घेत असाल तर सगळा वाचा, मधलं सोडून खाली जाऊ नका.

आधी जागा बघा

लोक आधी ऑनलाइन ऑर्डर टाकतात आणि पार्सल आल्यावर झाडं शोधत फिरतात. उलटं करा. टेप घ्या, टेप नसेल तर पावलं टाका, आणि जिथं झोपायचंय तिथं दोन झाडांमधलं अंतर मोजा. १२ ते १५ फूट असेल तर एकदम बेस्ट. १० फुटाच्या आत असेल तर साधा हॅमॉक नीट बसतच नाही, फार खोल पडतो आणि बुड जमिनीला लागतं. १८-२० फुटाच्या पुढं गेलात तर पट्टे लांब लागतात आणि इतके वर बांधावे लागतात की खाली स्टूल घ्यायला लागेल.

आता गंमत बघा, आंब्याच्या बागेत हॅमॉक असं सगळ्यांच्या डोक्यात असतं, पण जुन्या बागेत झाडं १० बाय १० मीटरवर लावलेली असतात, म्हणजे जवळजवळ ३३ फूट, तिथं दोन खोडांमध्ये हॅमॉक बसत नाही. आणि नवी घन लागवड असते ५ बाय ५ मीटरची, म्हणजे १६ फूट, अंतर बरोबर पण खोडं अजून मनगटाएवढी. म्हणून बागेपेक्षा बांधावरची, ओढ्याकाठची, विहिरीजवळची आडवीतिडवी उगवलेली जुनी झाडं जास्त कामाची. तिथं हवी तशी जोडी सापडते.

खोडाचा घेर छातीच्या उंचीला कमीत कमी दोन फूट पाहिजे. झाड जिवंत पाहिजे, वाळलेलं नको, बुंध्यात पोकळी नको, वाळवीची माती चढलेली नको. हातानं थापटून बघा, पोकळ वाजलं की पुढं चला.

झाडांची जात पण बघावी लागते. चिंच, आंबा, जांभूळ, करंज, कडुनिंब, सागवान ही चालतात, चिंचेचं लाकूड तर चिवट म्हणून प्रसिद्धच आहे (चिंचेखाली रात्री झोपू नये म्हणतात ते तुमचं तुम्ही बघा, दुपारी काही अडचण नाही). शेवगा अजिबात नको, कितीही जाड दिसला तरी कडकन मोडतो, आणि त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचा गठ्ठा बसलेला असतो ते वेगळंच. पांगारा, पपई नको. गुलमोहर दिसायला छान पण दर वादळात रस्त्यावर आडवा कोण पडलेला असतो ते सगळ्यांना माहितीये. सिल्व्हर ओकच्या फांद्यापण ठिसूळ. निलगिरीचं खोड मजबूत असतं पण वाऱ्यात वरनं फांदी सुटते. नारळाचं खोड चालेल, नारळाचं काय करणार? वडाला बांधायचं तर मुख्य खोडाला बांधा, पारंबीला नाही, पारंबी हवेत लोंबत असते तोवर तिचा भरवसा नसतो.

झाड ठरलं की मान वर करा. हे लोक विसरतात. वर वाळकी फांदी अडकलेली आहे का, फणस आहे का, आणि मुख्य म्हणजे आग्या मोहोळ आहे का. आपल्या घाटाकडच्या भागात आग्या मोहोळ कुठंही असू शकतं, उंच झाडावर, कड्याच्या कपारीत, किल्ल्याच्या बुरुजाखाली. दिसलं तर गुपचूप लांब जा, तिथं चूल-शेकोटी करू नका, सेंट मारून जाऊ नका, धुरानं आणि उग्र वासानं माशा उठतात. खोडावर मुंगळ्यांची रांग चालू असेल तर तीपण बघून घ्या, पट्टा म्हणजे त्यांच्यासाठी थेट तुमच्यापर्यंतचा रस्ता.

कुठला घ्यायचा

मुख्य तीन प्रकार मिळतात. एक, पॅराशूट कापडाचा म्हणजे नायलॉनचा, दोन्ही टोकं गोळा करून बांधलेला, घडी केली की पिशवीत मावतो. दोन, सुती, जाड कापडाचा किंवा सुती दोरीच्या जाळीचा. तीन, दोन्ही टोकांना लाकडी दांडा असलेला, जो रिसॉर्टच्या फोटोत दिसतो.

दांडेवाला नवशिक्यानं घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. फोटो चांगला येतो, पण कापड सपाट ताणलेलं असल्यामुळं वजन वरच राहतं आणि जरा कडेला सरकलं की पलटी. शिवाय त्याला झाडं जास्त लांब लागतात आणि दांड्यामुळं तो कुठं नेता येत नाही. लहान पोरं असलेल्या घरात तर नकोच.

टोकं गोळा केलेला प्रकार सगळ्यात जुना आणि सगळ्यात शहाणा. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर पोचला तेव्हा तिथले लोक सुताच्या अशाच जाळ्यांत झोपत होते, पुढं जहाजावरच्या खलाशांनी ती उचलली, कारण जहाज डोललं तरी झोपलेला माणूस सरळच लोंबत राहतो. आणि आपल्याकडं ऊसतोडीच्या फडात झाडाला लुगड्याची झोळी बांधून त्यात लेकरू निजवतात ते तत्त्व हेच.

नायलॉन की सुती? साताऱ्यात राहत असाल आणि पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत अशा भागात असाल तर नायलॉन, कारण सुती भिजला की जड होतो आणि बुरशी धरतो. सांगली-मिरज किंवा खटाव-माणकडं, अंगणात कायमचा छताखाली लावायचा असेल तर सुती, कारण उन्हाळ्यात नायलॉन पाठीला चिकटतो आणि घाम घाम होतो. जाळीवाला हवेशीर असतो पण शर्टाची बटणं, बांगड्या, पोरांची बोटं सगळं त्यात अडकतं.

साइजमध्ये कंजूषी करू नका. लांबी कमीत कमी १० फूट पाहिजे, तुम्ही सहा फुटाच्या आसपास असाल तर ११. रुंदी सिंगलची साडेचार फुटाच्या आसपास असते, डबलची सहा-साडेसहा फूट. एकट्याला झोपायचं असलं तरी डबलच घ्या, कारण तिरकं झोपायला रुंदी लागते. डबल म्हणजे दोघं झोपणार असं दुकानदार सांगतो, दोघं झोपलात तर दोघंही मध्ये घसरून एकमेकांवर, लग्नाच्या पहिल्या वर्षी ठीक आहे.

दोनशे किलो, तीनशे किलो असं पाकिटावर लिहिलेलं असतं, ते कापडाचं असतं. तुटतं ते कापड नाही, तुटते ती दोरी किंवा हुक. म्हणून पैसे तिथं घाला. हुकवर केएन असा आकडा कोरलेला असतो, एक केएन म्हणजे साधारण शंभर किलो, १२ केएनचे दोन हुक भरपूर झाले. चावीच्या रिंगला लावायला रंगीत हुक मिळतात, दिसायला सेम टू सेम, ते चुकूनही लावू नका.

पट्टे, दोरी आणि गाठ

घरात पडलेली सुंभाची दोरी, कासरा, नायलॉनची पातळ दोरी यातलं काही वापरू नका. एक तर पातळ दोरी सालीत रुतते. झाडाचं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली जातं, तो थर चेपला की झाडाला इजा होते. आणि नायलॉन वजनानं ताणत जातो, बांधलेला असतो खुर्चीएवढा उंच आणि तासाभरानं बुड मातीत.

पॉलिएस्टरचे चपटे पट्टे पाहिजेत, किमान एक इंच रुंद, दीड-दोन इंच असतील तर झाडाला अजून बरे. टेम्पोवाले माल आवळायला जो कार्गो बेल्ट वापरतात तोपण बहुतेक पॉलिएस्टरचाच, हार्डवेअरवाल्याकडं मिळतो, फक्त त्याचं रॅचेट, म्हणजे आवळायची लोखंडी कळ, कापून टाका नाहीतर हात शिवशिवतात आणि परत ताणून बसता. प्रत्येक बाजूला ८ ते १० फूट पट्टा ठेवा. जुन्या चिंचेचा घेर सहा-सात फूट असतो, तिथं एका वेढ्यातच निम्म्याहून जास्त पट्टा संपतो. तयार पट्टे मिळतात त्यांना एकापुढं एक फासे शिवलेले असतात, नवीन माणसाला तेच सोयीचे, गाठीची भानगडच नाही. खोडाला वेढा घालायचा, पट्ट्याचं टोक त्याच्याच शेवटच्या फाशातून ओढायचं, आणि हव्या त्या फाशात हुक अडकवायचा.

गाठच मारायची वेळ आली तर सुरगाठ मारून वर मोकळं टोक परत एकदा अडकवा. निरगाठ मारलीत तर वजनानं ती अशी बसते की शेवटी दातानं सोडवायला लागते.

आता बांधायचा

हा भाग नीट वाचा, कारण सगळं सुख इथंच आहे.

हॅमॉकमध्ये बसल्यावर पट्टा जमिनीशी समांतर दिसायला नको, तो खाली उतरत आलेला दिसला पाहिजे, साधारण ३० अंशात. पोरांच्या कंपासपेटीत तो लांबट गुण्या असतो ना, ३०-६० वाला, त्याचा निमुळता कोपरा झाडाजवळ आडवा धरून बघा, तेवढा उतार पाहिजे. गुण्या नसेल तर सोपा हिशोब, पट्टा झाडापासून एक फूट पुढं आला की सात इंच खाली आला पाहिजे.

का, तर हे बघा. माणूस ७० किलोचा धरा. ३० अंशात बांधला तर प्रत्येक पट्ट्यावर ताण येतो ७० किलोचा. १५ अंशावर आणला की १३५ किलो. १० अंशावर २००. आणि ताणून कडक बांधला, ५ अंश राहिला, की प्रत्येक बाजूला ४०० किलो, आणि हे नुसतं शांत पडून राहिल्यावर, झोका घेतला किंवा पोरगं धप्पकन येऊन बसलं तर अजून जास्त. म्हणजे माणूस तोच, झाड तेच, हॅमॉक तोच, नुसतं ताठ बांधल्यानं ओढ सहापट. झाडं वाकतात, हुक सरळ होतात, भिंतीतले खिळे निघून येतात ते यामुळं. ताणून बांधला म्हणजे मजबूत बांधला असं आपल्याला वाटतं, होतं बरोबर उलटं.

उंची किती ठेवायची? १० फुटाचा हॅमॉक असेल, झाडं १२ फुटावर असतील तर पट्टा खोडाला ५ फुटावर बांधा. १४ फुटावर असतील तर साडेपाच फुटावर. १६ फूट असतील तर सहा फुटाच्या जरा वर. थोडक्यात झाडं दोन फूट लांब गेली की पट्टा सात-आठ इंच वर घ्या. बसल्यावर बुड जमिनीपासून दीड फुटावर आलं पाहिजे, खुर्चीएवढं, त्याच्या वर कशाला जायचंय. पडलात तरी दीड फुटावरनंच पडाल. आणि पायाकडची बाजू वीतभर वर बांधा, नाहीतर माणूस हळूहळू पायाकडं घसरत जातो आणि तिथं गोळा होऊन बसतो.

दर वेळी हे मोजायचा कंटाळा येत असेल तर एक युक्ती आहे. हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये एक न ताणणारी बारीक पण मजबूत दोरी कायमची बांधून टाका, हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के, म्हणजे १० फुटाला ८ फूट ४ इंच. मग झाडं जवळ असोत की लांब, खोलगटपणा दर वेळी तोच येतो. आत झोपल्यावर ती दोरी दोन बोटांत धरून जरा वाकवून बघायची, थोडी वाकली तर बरोबर, तारेसारखी ताठ लागली तर पट्टे सैल करा. तिच्यावर चष्मा, टोपी, टॉर्च अडकवता येतो हा वरचा फायदा.

बांधून झाला की लगेच उडी मारायची नाही. आधी दोन्ही हातांनी मधोमध दाबा, मग नुसतं बुड टेका, पाय जमिनीवरच ठेवून जरा वर-खाली करा. पट्टे करकर वाजतील, दोन-चार इंच खाली येईल, तेवढं परत वर घ्या. खाली जमीन बघा, दगड, धसकटं, बाभळीचे काटे, काचा काढून टाका.

बसायचं, झोपायचं, उतरायचं

बाजेवर चढतो तसा गुडघा आधी टेकवून चढायचं नाही, शंभर टक्के पलटी. हॅमॉककडं पाठ करून उभं राहा, मागं हात नेऊन कापड रुंद पसरा, बरोबर मधोमध बसा, पूर्ण वजन टाका, मग अंग मागं टाकून दोन्ही पाय एकदम वर घ्या.

आता सरळ मधल्या रेषेत पडला असाल, कंबर वाकलेली आहे, हनुवटी छातीला लागायला आलीये. आता डोकं एका बाजूला फूटभर सरकवा आणि पाय दुसऱ्या बाजूला फूटभर. कापड एकदम पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. हा फरक ऐकून कळत नाही, तिथं पडूनच कळतो. डावीकडं डोकं की उजवीकडं हे ज्याचं त्याचं, दोन्ही करून बघा. पोटरीखाली कापडाची कडक शीर लागत असेल तर अजून थोडं तिरकं व्हा, गुडघे मागं ताणल्यासारखे वाटत असतील तर गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल किंवा छोटी उशी घाला. मानेखाली मोठी उशी लागत नाही, घरची घेऊन जाऊ नका.

उतरताना दोन्ही पाय एकाच बाजूला बाहेर काढा, नीट बसा, तळवे जमिनीवर टेकले की मग उठा. झोपेतून उठून एकदम उडी मारू नका, आणि खाली चपला काढून ठेवल्या असतील तर पाय घालायच्या आधी झटका, विंचू काय विचारून बसत नाही.

तान्ही आणि लहान पोरं मोठ्यांच्या हॅमॉकमध्ये एकटी झोपवायची नाहीत, कापड तोंडावर येऊ शकतं. पोरं झोका घेणारच, तर एका वेळी एकच, आणि उभं राहून नाही. एका वर एक असे दोन-तीन हॅमॉक बांधून रील काढतात ते आपलं काम नाही.

झाडंच नसतील तर

फ्लॅटमध्ये किंवा बंगल्याच्या पोर्चमध्ये लावायचा असेल तर हुक फक्त आरसीसी कॉलम नाहीतर बीममध्ये. चार इंची विटांच्या भिंतीत नाही, गॅलरीच्या ग्रिलला नाही, गच्चीच्या कठड्याला नाही, गेटच्या विटांच्या खांबाला तर अजिबात नाही. विटांचा सुटा खांब स्वतःच्या वजनावर उभा असतो, आडव्या ओढीला तो तयार नसतो, बाहेरच्या देशांत असे खांब हॅमॉकमधल्या माणसांवर कोसळून जीव गेलेत. कॉलममध्ये हॅमर ड्रिलनं (आपल्याकडं सगळे हिल्टीच म्हणतात) भोक पाडून १० किंवा १२ एमएमचा अँकर फास्टनर हुकसकट बसवून घ्या, मिस्त्रीला वजन आणि कोन दोन्ही सांगा, नुसतं झोका लावायचाय म्हणालात तर तो छताचा हिशोब धरून बसेल. उंचीचा हिशोब वरचाच, १२ फुटी खोलीत ५ फूट.

वाईत, साताऱ्यात, सांगलीत जुने वाडे अजून आहेत, त्यांच्या तुळईला झोपाळ्याच्या कड्या असतात. त्या सरळ खाली वजन घ्यायला लावलेल्या आहेत, तिरक्या ओढीला नाही, आणि तुळईला कीड लागलीये का ते आधी सुताराला दाखवा. लोखंडी स्टँडसकट हॅमॉक मिळतो, गच्चीसाठी तो बरा, जागा मात्र दहा फूट खातो. लाइटच्या खांबाला, कुंपणाच्या सिमेंटच्या पोलला, उभ्या ट्रॅक्टरला एक टोक बांधायचं डोक्यात येतं काही जणांच्या. नको.

ऊन, वळीव, डास, थंडी

उन्हाळ्यात सावली फिरते हे लक्षात ठेवून बांधा, दुपारी बाराला जिथं सावली आहे तिथं तीनला तोंडावर ऊन असतं.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, आपल्याकडं तो ढगांच्या गडगडाटासकट येतो. पहिला गडगडाट ऐकू आला की उठायचं. थेंब पडेपर्यंत वाट बघायची नाही, हॅमॉक तिथंच लोंबकळत राहू दे, झाडाखालनं निघून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. वीज झाडावर पडते आणि झाडाखाली थांबलेली माणसं दगावतात.

साध्या पावसाला वरनं ताडपत्री बांधता येते, तेव्हा पट्ट्यावर हॅमॉकच्या जरा अलीकडं बुटाची नाडी बांधून लोंबकळत ठेवा, पट्ट्यावरून वाहत येणारं पाणी नाडीवरनं खाली टपकतं, अंथरुणापर्यंत येत नाही.

डास पातळ नायलॉनमधून खालनंसुद्धा चावतात, म्हणून वरनं मच्छरदाणी लावून भागत नाही. संध्याकाळी थांबणार असाल तर चारी बाजूंनी बंद होणारी जाळी घ्या, किंवा पाठीखाली योगा मॅट टाका.

थंडीचं लोकांना खरं वाटत नाही. डिसेंबरात महाबळेश्वर-पाचगणीकडं किंवा बामणोलीला पाण्याकाठी जाड ब्लँकेट घेऊन हॅमॉकमध्ये झोपलं तरी पाठ गारठते, कारण खालनं वारा लागत असतो आणि पाठीखालचं ब्लँकेट अंगाखाली दबलेलं असतं, दबलं की त्यातली हवा जाते आणि हवेबरोबर ऊब. यावर तयार मिळणारी महागडी रजई असते, हॅमॉकच्या बाहेरनं खाली लटकवायची. आपल्याकडं वाकळ आहे. वाकळेच्या चार कोपऱ्यांना दोऱ्या लावून ती हॅमॉकच्या खालनं, कापडाला जेमतेम टेकेल अशी बांधा, आत अंथरू नका. फार खाली लोंबली तर मधून वारा जातो, फार आवळली तर परत दबते, तेवढं हातानं चाचपून जमवा.

कुठं जाऊन बांधायचा, कुठं नाही

सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्वतःचं किंवा ओळखीचं शेत. अनोळखी बांधावर झाड आवडलं तर मालकाला विचारा. "आबा, घटकाभर झाडाला हॅमॉक बांधू का?" म्हटलं की बहुतेक "बांध की, पर डहाळी मोडू नगं" असंच उत्तर येतं, वर चहापण मिळतो. न विचारता बांधलात आणि खाली चिप्सची पाकिटं टाकलीत तर पुढच्या माणसाला शिव्या मिळतात.

कासला नको. पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, वर झाडंपण नाहीत धड, आणि फुलांच्या दिवसात जिथं फुलांत पाय ठेवायलाच बंदी तिथं हॅमॉक कसला. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय थांबायचं नाही. सांगलीकडं सागरेश्वर अभयारण्यालापण वनखात्याचेच नियम. देवराईत बांधू नका, तिथलं वाळकं पानसुद्धा गावकरी उचलत नाहीत. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं फोटोसाठी जाल, पण तिथला वारा हॅमॉकला नीट लोंबू देत नाही.

आणि उसाच्या कडेला रात्री झोपायचं नाही. कराड, शिराळा भागात उसात बिबट्या असतो हे शेतकरी सांगतातच, दुपारी झोपा, अंधार पडायच्या आत गुंडाळा.

वापरून झाल्यावर

ओला घडी करू नका, एवढं एक पाळलं तरी कापड वर्षानुवर्षं टिकतं. सावलीत वाळवा, कारण नायलॉनची ताकद उन्हानंच जाते, महिनोन्‌महिने उन्हात बांधून ठेवलेला हॅमॉक दिसायला धडधाकट असतो आणि एक दिवस मधोमध टर्रकन फाटतो. धुवायचा तर साध्या साबणाच्या पाण्यात हातानं, ब्लीच नाही, मशिनमध्ये टाकायचाच झाला तर हुक आणि दोऱ्या काढून. आंब्याचा चीक आणि जांभळाचे डाग निघत नाहीत, नाद सोडा. सुती असेल तर उंदरापासून जपा, पत्र्याच्या डब्यात ठेवलेला बरा.

दर हंगामाला पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा टोकांची शिलाई, पट्ट्यांच्या कडा आणि हुकची स्प्रिंग बघून घ्या. पट्ट्याची कड कुसळासारखी उसवलेली दिसली किंवा एका जागी रंग उडून कापड कडक झालं असेल तर तो पट्टा बदला, दोनशे-तीनशे रुपयांचा प्रश्न असतो. आणि जुना पट्टा तसाच फेकू नका, कात्रीनं तुकडे करून टाका, नाहीतर घरातलंच कोणीतरी उचलून त्याला पोरांचा झोका बांधतं.